रात्री हेडलाइट गेले तर

कॅरव्हॅन असो की डबे पोचवणारी व्हॅन, रात्री हेडलाइट गेले तर चारही इंडिकेटर लावून गाडी हळूहळू कडेला घ्या.

दोन्ही बल्ब एकदम उडणं विरळाच. आधी फ्यूज बघा. तो शाबूत असेल, स्विच गरम लागत असेल आणि हलवल्यावर दिवे लुकलुकत असतील, तर दोष बहुधा स्विचमध्ये. 55 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर करंट ओढतात. रिले नसेल तर तो सगळा स्विचमधून जातो आणि आतले पॉइंट जळतात.

स्विच बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मागचा कनेक्टर काळवंडला असेल तर तोही बदला, नाहीतर नवा स्विचही जळेल. मेकॅनिककडून रिले बसवून घ्या. जास्त अँपिअरचा फ्यूज मात्र कधीच घालू नका; वायरिंग पेटेल.