मगरीचे घर पाण्यात की काठावर?

मढच्या खाडीत तिवरे आहेत, मासे आहेत. पण मगर पाहायची तर पवई तलाव गाठावा लागतो. असे का? "खाडीचे पाणी खारे म्हणून," असे विद्यार्थी सांगतील. आमच्या मते हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. कारण पवईतील मगरीचीच जात गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या मचूळ पाण्यात राहते.

सरीसृपांची मूत्रपिंडे रक्ताहून खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून जास्तीचे मीठ मगर जिभेवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. खाऱ्या पाण्यातील मगरीत या ग्रंथी अधिक कार्यक्षम असतात. ती समुद्रातही दूरवर पोहत जाते. भारतात ती भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार येथे आढळते.

दोघींतला मोठा फरक घरट्यात दिसतो. अंड्यातील जीव कवचातून श्वास घेतो, त्यामुळे अंडी पाण्यात बुडाली की तो गुदमरतो. गोड्या पाण्यातील मगर उन्हाळ्यात कोरड्या काठावर खड्डा खणून अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. खाऱ्या पाण्यातील मगरीची अंडी पावसाळ्यात उबतात. म्हणून ती पालापाचोळा व चिखल यांचा उंच ढीग रचते.

म्हणजे पाणी राखून भागत नाही, काठही राखावा लागतो. पवईच्या काठावरचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली बेकायदा ठरवला. आपल्या गावच्या तळ्याला मातीचा काठ किती उरला आहे, हे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे.