गर्दीच सांगते पत्ता

आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी दाटतात. चंद्रभागेच्या वाळवंटात हात सुटला की आजी दिसेनाशी होते आणि ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव, गाव पुकारलं जातं. तिच्या पिशवीत नाण्याहून थोडा मोठा ट्रॅकिंग टॅग असेल, तर मुलाला फोनवर ठिपका दिसू शकतो. गंमत म्हणजे, आपण कुठे आहोत हे त्या टॅगला स्वतःला मुळीच ठाऊक नसतं!

2021 मध्ये आलेला अ‍ॅपलचा एअरटॅग घ्या. त्यात जीपीएस नाही, सिमकार्ड नाही. म्हणून तर घड्याळाच्या सेलसारखा एक चपटा सेल त्याला वर्षभर पुरतो. ब्लूटूथवरून तो फक्त आपली सांकेतिक खूण पुटपुटत राहतो. जवळून जाणाऱ्या कुण्या वारकऱ्याच्या खिशातला आयफोन ती ऐकतो, तिला स्वतःचं ठिकाण जोडतो आणि ते कुलूपबंद करून इंटरनेटवर धाडतो. किल्ली केवळ टॅगच्या मालकाकडे. ज्याच्या फोनने हे केलं, त्या माउलीला याची कल्पनाही नसते. ज्या गर्दीत आजी हरवली, तीच गर्दी तिचा पत्ता सांगते. एकादशीला मोबाइल नेटवर्कवर ताण येतो, तेव्हा हा निरोप रेंगाळू शकतो. पण ऐकणारे फोन मात्र हजारो असतात.

पंढरपूरच्याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला, माळढोकाच्या अभयारण्यालगतच्या ओसाड माळावर, हाच टॅग निरुपयोगी. तिथे ऐकणारं कुणी नाही. तिथे जीपीएसचं यंत्र हवं.

आणि जीपीएसची कथा तर याहून अद्भुत. आकाशातून उपग्रह आपल्याला पाहतात, असं अनेकांना वाटतं. ते पाहत नाहीत. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून ते फक्त स्वतःची वेळ आणि जागा सांगत राहतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून आपलं यंत्र अंतर काढतं. जागेसाठी तीन उपग्रह, आणि यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक सुधारायला चौथा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे 300 मीटरची चूक. त्यातून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे उपग्रहावरचं घड्याळ रोज असे 38 भाग पुढे धावतं! हा हिशेब केला नाही, तर दिवसभरात दहा किलोमीटरहून अधिक घोळ होईल. टॅगऐवजी आजीच्या मनगटावर जीपीएसचं सिमवालं घड्याळ बांधलं, तर त्यातही आइन्स्टाइन बसलेला असतो, हे मला दरवेळी नवं वाटतं.

रेल्वेचंही तसंच. इस्रोच्या साथीने इंजिनांवर बसवलेली यंत्रं दर 30 सेकंदांनी गाडीचं ठिकाण कळवतात. सोलापूर स्थानकावर फोन पाहत उभ्या प्रवाशाला गाडी नेमकी कुठवर आली ते समजतं, त्यामागे अशीच यंत्रं असतात.

माणसाच्या बाबतीत मात्र आधी त्याला विचारायला हवं. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नव्हे, असं अ‍ॅपलच सांगते. कुणाच्या नकळत त्याच्या पर्समध्ये टॅग सरकवण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा अ‍ॅपल आणि गूगलने एकत्र येऊन 2024 मध्ये सूचनेची सोय केली: अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत असेल, तर आयफोन असो वा अँड्रॉइड, तुमचाच फोन तुम्हाला सावध करतो.