हलके कुठे, दणकट कुठे

वडोदऱ्यात जीएसएफसी म्हटले की लोकांना खताचा कारखाना आठवतो. तिथल्या फर्टिलायझरनगरात खताबरोबर आणखी एक वस्तू तयार होते, तिचे नाव कॅप्रोलॅक्टम. बेंझिनपासून बनणारा हा पांढरा पदार्थ वितळवून त्याच्या रेणूंची लांबच लांब साखळी जोडली की नायलॉन-६ मिळते. कॅप्रोलॅक्टम करताना अमोनियम सल्फेट जोडीने निघते आणि ते खत म्हणून विकता येते, म्हणून हा उद्योग खत कंपनीला सोयीचा पडतो. गिर्यारोहकाचा दोर, त्याची सॅक, पावसात अंगावर चढणारे जॅकेट, या सगळ्यांचे सूत याच कुळातले.

कापडाचे शिक्षणही या शहराला नवे नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, तेव्हापासून इथे विणकाम आणि रंगाई शास्त्र म्हणून शिकवली गेली. पुढे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावले आणि तिथे आजही वस्त्रअभियांत्रिकी शिकवली जाते. असे असूनही ट्रेकला निघालेल्या घोळक्यात निम्म्यांच्या अंगावर जीन्स आणि सुती टी-शर्ट असतो, आणि उरलेल्यांपैकी काहींनी गरज नसताना वीस-वीस हजारांचे जॅकेट घेतलेले असते. दोन्ही चुकांचे मूळ एकच. कपडा डोंगरावर कसा वागतो हे दुकानात कोणी सांगत नाही.

सुरुवात घामापासून करायला हवी. चढावर शरीर तापते, घाम येतो, आणि माथ्यावर वारा लागताच तोच घाम अंग गार करू लागतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. त्यामुळे अंगाला चिकटलेला ओला कपडा थंडीत कपडा नसल्यासारखाच, कधी त्याहून वाईट. नेहमीच्या हवेत सुताचा धागा स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. भिजल्यावर हा फरक आणखी वाढतो. पॉलिस्टरचा टी-शर्ट पिळून झटकला की चालता चालता अंगावर वाळतो. भिजलेली जीन्स मात्र दिवसभर गुडघ्याला अडवत राहते आणि तंबूत दुसऱ्या सकाळीही ओलीच सापडते.

म्हणून सुती कपडा सरसकट वाईट ठरत नाही. एप्रिल-मे महिन्यात पावागडाच्या पायऱ्या चढताना पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा उत्तम. तिथे ओल्या कापडाचा गारवा हवाच असतो आणि उन्हापासून कातडीही वाचते. पावागडाची उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे पायथ्यापेक्षा माथा पाचेक अंशांनी थंड. इथे कपड्याची चूक फारशी महागात पडत नाही. जुलैमधल्या कळसूबाईची गोष्ट वेगळी. १,६४६ मीटरवर धुके, पाऊस आणि वारा एकत्र येतात, तेव्हा तापमान पंधरा-अठरा अंश असले तरी चिंब भिजलेला, उपाशी आणि थकलेला माणूस कुडकुडायला लागतो. मग बोलणे अडखळते आणि पाय वेडेवाकडे पडतात. ही हायपोथर्मियाची लक्षणे आहेत, आणि ती येण्यासाठी बर्फ लागत नाही. डोंगरातल्या धनगरांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्यांचे घोंगडे लोकरीचे असते आणि लोकर ओलसर झाली तरी तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे ऊब टिकते. घोंगड्याचा दोष एवढाच, की भिजल्यावर ते खांद्यावर फार जड होते.

वजनाशी गिर्यारोहकांचे भांडण शंभर वर्षांचे आहे. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने फुग्यासाठी वापरायच्या हलक्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला. ट्वीड आणि लोकरीच्या सवयीच्या सोबत्यांना तो कोट चमत्कारिक वाटला. पण उंचावर वारा सुटल्यावर तोच उबदार निघाला. फिंच आणि जेफ्री ब्रूस त्या मोहिमेत ८,३०० मीटरच्या पुढे पोचले. आजच्या प्रत्येक डाऊन जॅकेटची वंशावळ त्या कोटापर्यंत जाते.

दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर नाहीसा झाला. त्याचा देह १९९९ मध्ये सापडला तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर होते आणि सगळ्यात वर गॅबर्डिन. घट्ट विणीचे हे कापड टॉमस बर्बरी याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढले होते. त्या चिंध्यांचा अभ्यास करून इंग्लंडमधल्या संशोधकांनी हुबेहूब पोशाख तयार केला आणि २००६ मध्ये ग्रॅहम हॉयलंड याने तो एव्हरेस्टच्या उतारांवर घालून पाहिला. जुना म्हणून हिणवलेला हा पोशाख हलका निघाला आणि चालताना उबदारही वाटला. रेशमाचा थर लोकरीवरून घसरत असल्याने हात-पाय सहज हलत होते. उघड्यावर रात्र काढायची वेळ आली असती तर तो पुरला नसता, पण थरांचे तत्त्व मॅलरीच्या काळातच पक्के झाले होते. अंगालगत घाम ओढणारा थर, त्यावर ऊब धरणारा, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. पुढे नायलॉन, पॉलिस्टर, फ्लीस असा माल बदलत गेला, क्रम तोच राहिला.

खरी ओढाताण हलकेपणा आणि टिकाऊपणा यांच्यात आहे, आणि ती समजून घ्यायला लेबलावरचा ‘डेनियर’ हा शब्द पुरतो. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. म्हणजे समुद्रसपाटीपासून त्या शिखराच्या थोडा वर जाईल इतका धागा घेतला आणि तो २० ग्रॅम भरला, तर तो २० डेनियरचा. अशा धाग्याचे जॅकेट मुठीत मावते, पण करवंदीच्या जाळीत एकदा अडकले की फाटायला वेळ लागत नाही. ७० डेनियरचे कापड खडकावर घासूनही तग धरते, मात्र त्याचे वजन दिवसभर पाठीवर जाणवते.

यातून वाट काढायची तर अख्खा कपडा हलका किंवा अख्खा दणकट असण्याचा हट्ट सोडावा लागतो. कपडा सगळीकडे सारखा झिजत नाही. पँट बसण्याच्या जागी, गुडघ्यांवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला जाते. जॅकेट खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांखाली आणि कोपरांवर जाते. चांगला शिवणारा तिथेच जाड कापड लावतो आणि बाकी अंग पातळ ठेवतो. सह्याद्रीत बसत-घसरत उतरण्याचे प्रसंग इतके येतात, की पँटच्या बाबतीत थोडे वजन सोसून जाड नायलॉन घेणेच शहाणपणाचे. हलकेपणाची चैन वरच्या अंगाला परवडते. धाग्याची निवडही अशीच करावी. घासणे सोसण्यात नायलॉन सरस आणि ऊन सोसण्यात पॉलिस्टर. म्हणून पँट आणि सॅक नायलॉनची, टी-शर्ट पॉलिस्टरचा. हा टी-शर्ट ब्रँडेड असण्याची अजिबात गरज नाही. सुरतेच्या गिरण्या पॉलिस्टरवरच चालतात आणि खेळाच्या दुकानातला साधा टी-शर्ट डोंगरावर तेच काम करतो.

दुकानात कपडा हातात आल्यावर आधी तो उजेडात धरावा. बारीक चौकडीची जाळी दिसली तर ते रिपस्टॉप. यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे पडलेले भोक पुढच्या जाड धाग्यापाशी थांबते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅराशूटच्या नायलॉनसाठी ही वीण आली. मग कपडा उलटा करावा. पावसाळी जॅकेटच्या प्रत्येक शिवणीवर आतून चिकटपट्टी हवी, कारण पाणी कापडातून येण्याआधी सुईच्या भोकांतून येते. पँट घालून एक पाय खुर्चीवर ठेवावा. पायजम्याच्या आसनात शिंपी जोडतो तसा तुकडा मांड्यांमध्ये असेल तर कापड ओढले जात नाही. नसेल तर तीच शिवण पहिल्या मोठ्या पायरीवर उसवते. जॅकेट घालून दोन्ही हात वर करावेत. कंबर उघडी पडली तर ते परत द्यावे, मग किंमत कितीही कमी असो. शेवटी हातमोजे घातल्यासारखी बोटे आखडून चेन वर-खाली करून पाहावी.

महागड्या जलरोधक जॅकेटांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पावसाचा थेंब त्या छिद्रांतून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. ती जाते तेव्हा, जेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असते. हिमालयात ही अट बहुधा पूर्ण होते. सह्याद्रीच्या किंवा डांगच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, मग आतली वाफ जाणार कुठे? चढणारा माणूस पावसाने नाही तर घामाने भिजतो. त्या हवेत साधा पोंचो, आत पॉलिस्टर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरडा फ्लीस हा संच स्वस्त आणि जास्त भरवशाचा. डाऊन जॅकेट तर पावसाळी ट्रेकला नेऊच नये. पिसे ओली झाली की फुगत नाहीत, आणि फुगवटा गेला की ऊब गेली.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. नायलॉन आणि पॉलिस्टर आगीजवळ वितळतात आणि कातडीला चिकटतात. स्टोव्हवर चहा करताना किंवा शेकोटीजवळ बसताना बाह्या सांभाळाव्यात. स्वयंपाक करणाऱ्याने त्या वेळेपुरता सुती किंवा लोकरी कपडा चढवणे बरे.

धुण्यातही कपड्याचे आयुष्य असते. जलरोधक जॅकेट फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये कधीही बुडवू नये, वरचा पाणी झटकणारा लेप त्याने निकामी होतो. लेबलावर परवानगी असेल तर हलकी इस्त्री फिरवल्यावर तो लेप पुन्हा काम करू लागतो. डाऊन जॅकेट घरी आल्यावर पिशवीत कोंबून न ठेवता हँगरला लावावे.

गुजरातमध्ये गिर्यारोहणाची आवड चांगलीच रुजली आहे. माउंट अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था तरुणांना खडकावर चढायला शिकवते, गिरनारवर दर हिवाळ्यात आरोहण-अवरोहण स्पर्धा होते, आणि मे २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या निशा कुमारी एव्हरेस्टवर पोचल्या. त्यामुळे हिमालयाचा पहिला ट्रेक ठरवणारी मुले-मुली आता घरोघरी दिसतात. त्यांच्या पालकांनी पैसे खर्च करताना हा क्रम ठेवावा: आधी बूट, मग दणकट पँट, मग वारा अडवणारे जॅकेट. जाड डाऊन जॅकेट पहिल्या खेपेला विकत घेऊ नये. मनाली, डेहराडून आणि काठमांडूत ते भाड्याने मिळते.