सात वर्षं आणि बारावी पास

सोनगीरच्या तांबट आळीत दुपारी बोलायचं, तर दोन ठोक्यांच्या मध्ये बोलावं लागतं. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर लागणारं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर ओळखलं जातं. मठारकामाचा आवाज एकदा सुरू झाला, की ओट्यावरच्या गप्पाही ठेक्यात चालतात. इथल्या एका घरात दोन माणसं गृहभेटीला आली होती. एक समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, चाळिशीच्या ताई. दुसरा त्यांच्याबरोबरचा बारावी पास तरुण, शेजारच्याच गावचा. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख छापता येत नाही. त्यामुळे इथे ना त्या घराचं नाव आहे, ना त्या दोघांचं.

या भेटीमागे खटकणारे दोन आकडे होते. मुलाचं काय करायचं, हे ठरवणारी बालकल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यासाठी वय पस्तिशीच्या पुढे हवं. मानसशास्त्र, कायदा, समाजकार्य अशा विषयांतली पदवी हवी आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान 7 वर्षांचा अनुभव हवा. नाहीतर अशीच पदवी असलेला, व्यवसाय करणारा जाणकार चालतो. 2021 च्या दुरुस्तीने ही अट आणखी आवळली. जिल्ह्यात बालगृह चालवणारा माणूस आता त्याच जिल्ह्याच्या समितीवर बसू शकत नाही. हे सगळं योग्यच आहे. पण समितीसमोर येतो तो कागद. तो कागद भरायला जो उंबरा ओलांडतो, त्याच्यासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमधला तक्ता पाहावा. सामाजिक कार्यकर्ता : पदवीधर, मानधन 18,536 रुपये. घरोघरी फिरणारा क्षेत्रीय कार्यकर्ता : बारावी पास, मानधन 10,592 रुपये.

निकाल देणाऱ्याला सात वर्षं, आणि पाहणाऱ्याला बारावी.

या घराचा अर्ज बालसंगोपन योजनेचा होता. वडील वारलेले, आई सुगीत कापूस वेचायला जाते आणि एरवी भांडी उजळायचं काम घरी आणते. मंजुरी मिळाली तर मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, रेशनकार्ड, पासबुक या सगळ्याच्या झेरॉक्स पिशवीत तयार होत्या. घरासमोर आई आणि मुलाचा फोटो लागतो, तोही तरुणाने मोबाइलवर काढला.

दार उघडलं ते तरुणामुळेच. शेजारची म्हातारी ओट्यावर येऊन "काय लिखी ऱ्हायनी व ताई?" म्हणाली, तेव्हा तिला अहिराणीतून उत्तर देऊन पुन्हा खाली बसवणारा तोच होता. ताईंना घरात चहा मिळाला, तोही त्याच्या ओळखीवर. या ओळखीचं मोल कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

पण घराचं वर्णन लिहायची वेळ आली, तेव्हा त्याने लिहिलं : 'घर अस्वच्छ, भिंती काळ्या, उग्र वास.' यातलं खोटं काहीच नव्हतं. घरात चिंचेचा आंबट वास खरोखरच नाकात बसत होता. ताईंनी कागद हातात घेतला, एकदा कोपऱ्यातल्या घमेल्याकडे पाहिलं. त्यात चिंचेचा कोळ होता, बाजूला काळवंडलेल्या कळशांची उतरंड. त्यांनी ओळ खोडून लिहिलं : 'आई घरात भांडी उजळण्याचे काम करते, त्यामुळे जमीन-भिंतींवर डाग. चूल, पाणी व अंथरूण नीटनेटके.' पहिली ओळ धुळ्याला समितीच्या टेबलावर गेली असती, तर आईवर एक शेरा बसला असता. दुसरीमुळे तिचा रोजगार नोंदला गेला.

मग त्यांची नजर मुलाच्या नखांवर गेली. नखंही तशीच काळी. 'शाळेत जातोस का?' असं त्यांनी विचारलंच नाही. या प्रश्नाला कुठलाही मुलगा हो म्हणतो. 'सकाळी उठल्यावर आधी काय करतोस?' असं विचारलं. उत्तरादाखल त्याने कळशांच्या उतरंडीकडे पाहिलं. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाने शाळा सुटल्यावर घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात हातभार लावलेला कायद्याला चालतो. शाळा बुडवून चालत नाही, आणि दुसऱ्याचं मजुरीचं काम ही वेगळीच गोष्ट. हे काम घरचं म्हणायचं की मजुरीचं? आंबटपणासाठी चिंचच वापरतात, की अ‍ॅसिडही? ताई बराच वेळ आईशी यावरच बोलत राहिल्या. बाल न्याय कायद्याच्या आदर्श नियमांतल्या 22 क्रमांकाच्या सामाजिक तपासणी नमुन्यात शेजाऱ्यांच्या म्हणण्यापासून शाळा सोडण्याच्या कारणांपर्यंत रकाने आहेत. पण रकान्यात काय भरायचं, हे सुचायला नमुना पुरत नाही.

जिथे गुन्हा गंभीर असतो, तिथे पाहणारा जाणकार हवा, हे न्यायालयानेही मानलं आहे. गुरुग्रामच्या शाळेतल्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 जुलै 2022 रोजी निकाल दिला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मानसिक क्षमता जोखताना बाल न्याय मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक ठरतं, असं न्यायालयाने सांगितलं. कायद्यातला 'घेऊ शकते' तिथे 'घ्यावीच' झाला. सोनगीरच्या घरात कोणाचा खून झालेला नाही. त्यामुळे इथे तशी सक्ती नाही.

पदव्यांचा तुटवडा आहे, असंही नाही. चोपडा, जळगाव, धुळ्याजवळचं मोराणे इथल्या समाजकार्य महाविद्यालयांतून क्षेत्रकार्य करून मुलं-मुली बाहेर पडतातच. पण वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिल आहे. समाजकार्यकर्त्याच्या नोंदणीसाठी मात्र देशात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. इंग्लंडमध्ये 2005 च्या एका नियमाने दत्तकाचा अहवाल लिहिणाऱ्यावर अट घातली : पात्रतेनंतर मुलांच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि दत्तकाच्या कामाची प्रत्यक्ष ओळख. तेवढा अनुभव नसेल तर तो असलेल्याच्या देखरेखीखाली लिहायचं.

महामार्गाकडे चालत येताना ताईंना ही अट सांगितली. त्यांना त्यातली तीन वर्षं फारशी महत्त्वाची वाटली नाहीत, देखरेख मात्र वाटली. "हा पोरगा हुशार आहे. उद्या मी नसले तर ते 'अस्वच्छ' कोण खोडणार?" त्या म्हणाल्या. तरुण तोवर रिक्षावाल्याशी नरडाण्याच्या भाड्याची घासाघीस करत होता. तिथे अजून दोन घरं बाकी होती.