निळा रंग परत येतो तेव्हा

संपादकांना हवा होता कोळंबीच्या निर्यातीवर लेख. त्यासाठी रत्नागिरी गाठली आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात एका ब्यूरेटपाशी अडकलो. १९८१ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. बाकी इतिहास माहितीपत्रकात आहे, तो तिथेच बरा.

मुलं येतात मासे शिकायला. आधी पाणी शिकावं लागतं. एक विद्यार्थिनी विंकलर पद्धतीने पाण्यातला प्राणवायू मोजत होती. हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये बसवलेली ही रीत. बाटली अशी भरायची की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर तळ्याचं काही खरं नाही. आम्ल घातलं की साका विरघळतो, आयोडीन सुटतं आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत बसायचं. पाणी फिकट पिवळं झालं, तिने स्टार्च टाकलं, फ्लास्क निळाशार झाला. आणखी काही थेंब, आणि रंग गेला. तिने आकडा लिहून घेतला. तेवढ्यात निळा रंग हळूच परत आला.

“अझाइड घातलंस का?” सरांनी मागूनच विचारलं. घातलं नव्हतं. पाण्यात नायट्राइट होतं आणि ते पुन्हा आयोडीन सोडत होतं.

मला हा चुकलेला प्रयोग फार आवडला, कारण तळ्याची अख्खी भानगड त्यात दिसते. कोळंबीच्या खाद्यात प्रथिनं भरपूर, पण त्यातल्या नायट्रोजनचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच तिच्या अंगी लागतो. उरलेला पाण्यात. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइट गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यांतून क्लोराइडच्या वाटेने आत शिरतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं. रक्त तपकिरी पडतं. म्हणून जाणता माणूस तळ्यात मीठ टाकतो. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला आत शिरायला जागा राहत नाही. जीवरसायनशास्त्र इतकं स्वस्त आणि कामाचं असू शकतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

अमोनियाचं गणित आणखी खोडकर. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर त्यातला जेमतेम २ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला की ४० टक्क्यांच्या आसपास. आणि शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्याचा पीएच दिवसभर चढतो, कारण ऊन असेतो शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खात राहतं. म्हणजे अमोनियाचा एकच आकडा सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी तीनला जीवघेणा. प्राणवायूचं उलटं. तो दुपारी भरपूर आणि पहाटे तळाला.

अडचण इथूनच सुरू होते. संकट येतं पहाटे चारला, आणि शेतकरी पाणी घेऊन निघतो उजाडल्यावर, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, एसटीने. वाटेत बाटलीतले जिवाणू काम करतच असतात. प्राणवायू घटतो, पीएच बदलतो. तपासायला जे येतं ते तळ्याचं पाणी राहिलेलं नसतं. हातातले मीटर आले, पण त्यांचं कॅलिब्रेशन वेळेवर करतो कोण? आणि मीटर धरणारा माणूस पहाटे बांधावर हवा. पगारी पदवीधर ठेवणं दोन-चार तळ्यांच्या मालकाला परवडत नाही.

मग सल्ला देतो दुकानदार, आणि सल्ल्याबरोबर पोतं. त्यात बरेचदा झिओलाइट असतं. गोड्या पाण्यात ते थोडाफार अमोनिया धरतं. खाजणातल्या खाऱ्या पाण्यात मात्र सोडियम इतकं असतं की झिओलाइटमधल्या जागा तेच अडवून बसतं आणि अमोनिया होता तिथेच राहतो. हे विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यातलेच काही पुढे अशी पोती विकणाऱ्या कंपन्यांत लागतात, कारण नोकऱ्या तिथे आहेत. त्यांना दोष देववत नाही. पण खाजणातला शेतकरी पोत्याचे पैसे मोजतो आणि अमोनिया उतरत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरं पोतं नेतो.