गोठ्याच्या पत्र्याचे नट-बोल्ट

हट्ट्याहून वसमतला पत्रे आणायला गेलात, तर पत्रा तुम्ही वाजवून, वाकवून बघता. नट-बोल्ट मात्र दुकानदार देईल ते! आणि आधी गंजतो तो बोल्टच. वळवाच्या वावटळीत पत्रा उडून ढोरावर पडतो, तेव्हा पत्रा शाबूत असतो, बोल्ट तुटलेला असतो.

चकाकणारा बोल्ट चांगला, ही समजूत सोडा. त्यावर विजेच्या साह्याने जस्त चढवलेले असते आणि त्याची जाडी बहुधा ५ ते ८ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वितळलेल्या जस्तात बुडवलेला बोल्ट दिसतो करडा, खडबडीत. पण त्यावर ४०-५० मायक्रॉन जस्त बसते. त्याचे आटे जाड होतात, म्हणून नटही जोडीचाच मागा. साधा नट चढत नाही.

मग नुसता रंग का नको? रंग ओरखडला की गंज त्याखाली पसरतो. जस्त स्वतः झिजते आणि लहानशा ओरखड्यातले पोलाद राखते.

आता तुम्ही म्हणाल, आपली हवा कोरडी, इथे कुठे कोकणची खारी हवा! खरे आहे. मोकळ्या कोरड्या हवेत जस्त वर्षाला मायक्रॉनभरही झिजत नाही. पण गोठ्यात मूत, ओल आणि कोपऱ्यात रचलेली खताची पोती. तिथे पातळ मुलामा किती पुरणार? मात्र जाड मुलाम्याचा बोल्टही हातोडीने ठोकून बसवू नका. भोक लहान असेल तर भोक मोठे करा.