हॉस्पिटलमध्ये गेलो तर पोलिस येतील का?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मेस कधीच बंद झाली होती. समोरच्या कट्ट्यावर माझा रूममेट आणि मी, दोघंच. बराच वेळ तो मोबाईलशी चाळा करत बसला होता. मग मान वर न करता म्हणाला, "अरे, मला सोडायचंय हे. पण हॉस्पिटलमध्ये गेलो तर पोलिस केस होईल का रे?"

‘हे’ म्हणजे गांजा. फर्स्ट इयरला ‘एकदा ट्राय कर’ म्हणून सुरू झालेला, आता सकाळी उठल्या उठल्या लागणारा. मी मास कॉमचा विद्यार्थी. माध्यम कायद्याच्या पेपरात चांगले मार्क मिळवलेला. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ‘बघू,’ एवढंच म्हणालो. त्याने ते ‘नको जाऊस’ असं ऐकलं.

तुमच्या ग्रुपमध्येही असा कोणीतरी असेल. त्याच्यासाठी मी नंतर जे वाचलं ते सांगतो.

आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे एनडीपीएस, 1985 सालचा. बहुतेक अमली पदार्थांच्या बाबतीत नुसतं सेवन हाही या कायद्याने गुन्हा ठरतो. गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’ आणि त्याला किमान दहा वर्षं. हा वजनाचा हिशेब आला 2001 च्या दुरुस्तीनंतर.

आता गंमत बघा. याच कायद्यात गांजाच्या झाडाची फुलं-शेंडे आणि चरस गुन्हा, पण नुसती पानं आणि बिया ‘गांजा’च्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. झाड एकच, पण एका भागाला परवाना आणि दुसऱ्याला बेड्या!

बंदी हवी की नको, हा वादही नवा नाही. 1893 मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजावर एक आयोग नेमला. अकराशेहून जास्त साक्षी घेऊन त्याने सांगितलं की, बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही. पुढे 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली, आणि आपला 1985 चा कायदा त्याच वाटेने आला.

म्हणजे गांजा निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाहीये. माझ्या रूममेटची दोन सेमिस्टर्स त्यात गेलीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की, त्याला लागलेली सवय हा आजार आहे आणि आजाऱ्याला पोलिसांची भीती दाखवून तो बरा होत नाही. तो फक्त लपतो.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये आलं. त्यानुसार भांग धरून गांजा-चरस घेणारे सुमारे 3 कोटी 10 लाख लोक आहेत. एवढ्या सगळ्यांना आत टाकणार कुठे? त्याच अहवालात असंही आहे की, बेकायदा अमली पदार्थांच्या विळख्यात अडकलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेत. उरलेले एकोणीस कुठे आहेत? कुठल्यातरी कट्ट्यावर, तोच प्रश्न मनात घेऊन.

‘मग काय, सगळं खुलं करायचं?’ माझ्या काकांनी हे विचारलंच. नाही काका. पोर्तुगालने 2001 मध्ये केलं ते बघा. दहा दिवस पुरेल एवढा साठा स्वतःसाठी जवळ असेल, तर फौजदारी खटला नाही. त्या माणसाला एका समितीपुढे जावं लागतं आणि गरज असेल तर उपचारांकडे वळवलं जातं. विकणारा मात्र आजही गुन्हेगारच. तिथे सुया टोचून घेणाऱ्यांमधल्या एचआयव्हीच्या नव्या केसेस खूप खाली आल्या. उलट अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही. 2024 मध्ये त्यांनी शिक्षा परत आणली. म्हणजे नुसता कायदा सैल करून भागत नाही, दवाखान्याचं दारही उघडं लागतं.

ते दार उघडणारी माणसं आपल्याकडे आहेत. कायदा आला 1985 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी आर्थिक मदत दिली. दिल्लीतून एक वाट आली ती शिक्षेची. पुण्यातून निघाली ती माणूस सावरण्याची. गेली चाळीस वर्षं आपण पहिलीवरच जास्त भर दिला.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर. याच कायद्यात कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. म्हणजे केस झालेल्यालाही वाट आहे. माझ्या रूममेटवर तर केसही नव्हती. हे कलम कॉलेजच्या किती पोस्टर्सवर दिसतं? आमच्या पोस्टरवर फक्त हातकड्यांचं चित्र होतं.

माझी मागणी म्हणून छोटी आहे. स्वतःपुरतं घेणाऱ्याला गुन्हेगारांच्या यादीतून काढा. 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेही या दिशेने सूचना केल्याच्या बातम्या होत्या. आणि तो बदल होईपर्यंत निदान 64अ सगळ्यांना कळू द्या.

मला हे कळायला चार महिने लागले. तोवर रूममेट परीक्षा सोडून गावी गेला होता. फोन करून सांगितलं, तर पलीकडे शांतता. मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" पुढच्या आठवड्यात तो वडिलांना घेऊन केंद्रात गेला. नाव न घालता लिही, असं त्यानेच सांगितलंय.

तुम्हाला कोणी कट्ट्यावर असंच विचारलं, तर ‘बघू’ म्हणू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. नंबर सेव्ह करा, आणि त्याच्यासोबत जा.